न्हाणीमागची कर्दळ

लग्न होऊन मी मुळशीत आले तेव्हा मला जगातलं सगळं येत होतं. वय होतं सतरा. पाण्याच्या बाबतीत तर मला कोणी काही शिकवावं असं काही उरलेलंच नव्हतं, अशी माझी पक्की समजूत होती. माझं माहेर सुप्याकडचं. तिकडे पाऊस म्हणजे लांबचा पाहुणा. येतो येतो म्हणून निरोप धाडतो, येत नाही, आणि आलाच तर उंबऱ्यातूनच परत जातो. त्यामुळे तांब्याभर पाण्यात तोंड कसं धुवावं, त्याच पाण्यात पाय कसे धुवावे आणि तेच पाणी पुन्हा झाडाच्या बुडाशी कसं घालावं, हे मला पाळण्यातच कळलं होतं.

सासर पौडाच्याही वर, डोंगराला टेकून. फाल्गुनात मी तिथे आले. घर मोठं नव्हतं, माणसं मोजकी होती. सासूबाई, त्यांना आम्ही आत्याबाई म्हणत असू, मामंजी, थोरले दीर आणि जाऊबाई, आणि आमचे हे. कोणी छळलं नाही, कोणी उपाशी ठेवलं नाही. एकच गोष्ट मला पहिल्या दिवसापासून टोचली. ती म्हणजे आंघोळ.

न्हाणी परसात होती. एक मोठा सपाट दगड आणि त्याच्याभोवती कारवीचा कूड. आता कारवी डोंगरातून तोडून आणायची म्हणजे पुरुषांचं काम. आणलेली कारवी आधी घराच्या भिंतींना लागायची, मग गोठ्याला, आणि उरलीसुरली न्हाणीला. त्यामुळे न्हाणीचा कूड एका बाजूला छातीपर्यंत, दुसऱ्या बाजूला गुडघ्यापर्यंत, आणि पायवाटेच्या बाजूला म्हशीने पाठ घासून घासून जमीनदोस्त. शेताकडे जाणारी वाट बरोबर तिथूनच. गावातला प्रत्येक बाप्या तिथून जायचा, आणि जाताना रामराम घालायचा.

म्हणून घरातल्या बायका अंधारात आंघोळ करायच्या. पहिला कोंबडा आरवायच्या आधी आत्याबाई, मग जाऊबाई, शेवटी मी. लुगडं अंगावर, पाणी लुगड्यावर, आणि डोळे पायवाटेवर. कुठे खुट्ट झालं की तांब्या हातातच. एकदा पाय घासायला म्हणून मी चाचपडत वज्री उचलली, तर ती वज्री माझ्या हातातून उडी मारून गेली. बेडूक होता. मी किंचाळले नाही, कारण किंचाळलं तर माणसं जागी होणार, आणि माणसं जागी झाली तर माझं काय होणार!

पुरुषांचं बरं होतं. ते ऊन वर आल्यावर ओढ्यावर जायचे आणि इतक्या निवांतपणे खाकरायचे की घरात भाकरी थापताना ऐकू यायचं.

मी यांना म्हटलं, "तुमचं बरं आहे. तुम्हाला ओढा आणि आम्हाला अंधार."

हे म्हणाले, "अंधारात काय वाईट हाय? पानी तेच की."

पाणी तेच हे खरं. पण माझ्या माहेरी न्हाणीच्या तिन्ही बाजूंनी कर्दळ होती. लाल फुलांची, पुरुषभर उंच, पानाला पान लागलेली. न्हाणीचं पाणी तिच्याच मुळाशी जायचं. आई भर दुपारी त्या हिरव्या आडोशाला बसून न्हायची, केस धुवायची, एखादी ओवी म्हणायची, आणि बाहेरून जाणाऱ्याला फक्त फुलं दिसायची. आंघोळ ही इतकी मजेची गोष्ट असते हे ज्या मुलीने पाहिलंय, तिने बेडकाने पाय घासावेत हे मला काही मंजूर नव्हतं. मी ठरवलं, मुळशीत मी उजेडात आंघोळ करणार. कर्दळीच्या आड करणार. पाणी अंगावर पडताना दिसलं पाहिजे.

अक्षय्य तृतीयेला माहेरी गेले ती येताना कर्दळीचे अकरा गड्डे घेऊन आले. आईने जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधून दिले. म्हणाली, "कोंब वर ठेव, मूठभर शेणखत घाल, आणि तिथल्या माणसांना विचारून लाव गं." शेवटचं वाक्य मी ऐकलंच नाही. एसटीत ते बोचकं मांडीवर, पौडापासून बैलगाडीत मांडीवर. जाऊबाईंना वाटलं, माहेरून रताळी आणलीत. उकडायला हंडीसुद्धा काढली बाईने.

न्हाणीचं पाणी जिथे वाहून जायचं तिथे आत्याबाईंचं अळू होतं. चांगलं टरारलेलं. पायवाटेच्या बाजूचीच ती जागा. आडोसा व्हायचा तर तिथेच व्हायला हवा होता. मी आत्याबाईंना तसं सांगितलं.

त्या सुपात तांदूळ घोळत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "आन अळू कुटं जाईल?"

"काढून टाकू."

"कर्दळ खाता येती का?"

"नाही. पण आडोसा होतो."

"आमी काय आजवर न्हालो न्हाई व्हय?"

"अंधारात न्हालात."

सूप थांबलं. सुनेने सासूला असं बोलावं असा तो काळ नव्हता. पण मला सगळं येत होतं ना! आत्याबाईंनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "ऋषीच्या भाजीला अळू लागतं. ऋषिपंचमीला मी कुनाच्या दारात जायची न्हाई. त्येवढं ध्यानात ठेव आन काय करायचं ते कर."

"अळूचं मी बघते," मी म्हटलं. अजून आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

दुसऱ्याच दिवशी मी अळू उपटलं, गड्ड्यांसकट ओढ्याकडे भिरकावलं, आणि कुदळ घेऊन बसले. माहेरी करतात तशी अकरा आळी केली. परातीएवढी रुंद, वीतभर खोल, काठ थापटून थापटून पक्के. एक थेंब बाहेर जायची बिशाद नव्हती. तळाशी शेणखत हवं होतं. ते शेतात गेलेलं, म्हणून गोठ्यातलं ताजं शेण घातलं. मूठभर नाही, पाटी पाटी. माझी माया जास्त होती.

आत्याबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. "बये, खड्डं कशाला? हितं सम्दं उंचावर लावत्यात."

मी मान वर करून, अगदी समजूत घातल्यासारखं म्हणाले, "आत्याबाई, पाणी धरून ठेवायला नको का?"

त्या पदर तोंडाला लावून आत गेल्या. मग आतून जाऊबाईंच्या हसण्याचा आवाज आला, मग मामंजींचा ठसका. "पानी धरून ठिवायचं!" हे वाक्य त्या घरात पुढे कितीतरी वर्षं चाललं. दूध उतू गेलं की जाऊबाई म्हणायच्या, "आगं, धरून ठिवायचं न्हाई का?"

मला त्यांच्या हसण्याचं कारण कळलं नाही. कारण मी मुळशीतला पावसाळा अजून पाहिलेला नव्हता.

तो मृगात आला आणि राहायलाच आला. आमच्या सुप्याकडे पाऊस पडला की माणसं अंगणात येऊन बघतात. इथे आषाढात माणसं घरातून बाहेर पडली की इरलं डोक्यावर घेऊन वाकूनच चालायची. सरळ उभं राहिलेला माणूस महिनाभर दिसला नाही. चुलीला ओलं लाकूड, अंगावर ओलं लुगडं, भिंतीला ओल. आणि माझी अकरा आळी? ती पाण्याने काठोकाठ भरली ती भरलेलीच राहिली. माझं काम इतकं चोख होतं की त्यांतला एक थेंबही बाहेर गेला नाही. बेडकांनी त्यांत संसार थाटले. न्हाणीतले तेच असणार, मला ओळखून आले असतील.

पंधरा दिवसांनी मी एका आळ्यात हात घालून गड्डा चाचपला, तर तो बोटांत लापशीसारखा फुटला. वास तर असा की म्हैस बाजूला झाली. दुसरा तसाच, तिसरा तसाच. मी मोजत गेले आणि रडत गेले. पावसात रडण्याचा एक फायदा असतो, कोणाला कळत नाही. सगळा तो काला पाटीत भरला आणि उकिरड्यावर नेऊन ओतला. आता तिथे ना अळू, ना कर्दळ, ना आडोसा. अकरा डबकी होती, गावभर दिसतील अशी.

आणि भाद्रपद आला.

ऋषिपंचमीच्या आदल्या दिवशी मला घाम फुटला. अळूचं मी बघते म्हणाले होते. मग माझ्या मनात आलं, ओढ्याच्या काठाला केवढं तरी अळू वाढलंय, आपल्या अळूपेक्षा मोठ्या पानाचं. कोणी तोडतही नाही. मूर्ख माणसं! मी पहाटे जाऊन मोळीभर कापून आणलं. कोणाला काही विचारलं नाही. ते अळू खाजरं असतं, माणूसच काय, गुरंही तोंड लावत नाहीत, हे मुळशीतल्या रांगत्या पोरालाही माहीत. मला कुठून असणार? आमच्याकडे ओढ्याच्या काठाला फक्त धोंडे.

भाजी माझ्याकडेच होती. भोपळा, दोडका, भेंडी, लाल माठ, मक्याचं कणीस, सगळं परसातलं. त्यात मी ते अळू चिरून घातलं. हात जरा चुणचुणले, पण मला वाटलं, श्रद्धा कमी पडतेय. उपास बायकांचा, भाजीही बायकांनीच खायची. आत्याबाईंनी पहिला घास घेतला. जाऊबाईंनी घेतला. मीही घेतला.

दुसऱ्या घासाला जाऊबाईंचे डोळे मोठे झाले. आत्याबाईंनी पाण्याचा तांब्या ओढला. माझ्या घशात कोणीतरी काटेरी फांदी आत-बाहेर करत होतं. चिंच आणली, ताक आणलं, आमसूल चोळून लावलं. तिघींच्या जिभा सुजल्या. हे दाराशी आले, आमच्याकडे बघितलं, आणि म्हणाले, "आज ऋषींनी मौन दिलं व्हय सगळ्यांला?" मला त्यांना लाटणं फेकून मारायचं होतं, पण हातही खाजत होते.

दोन दिवस मला घरात कोणीही बोललं नाही. बोलता येत नव्हतं, हा भाग वेगळा.

तिसऱ्या दिवशी आत्याबाईंचा आवाज परत आला. मी मान खाली घालून भांडी घासत होते. वाटलं, आता माहेरी पाठवतात. त्या म्हणाल्या, "डबकी बुजव. उद्या तितं अळू लागलं पायजे. माझ्या भनीकडनं कांदं मागवलंत." मी मान हलवली. त्या चार पावलं गेल्या, पुन्हा वळल्या. घसा अजून बसलेला होता.

"आन उकिरड्यावर जाऊन ये. तुजं माहेर तितं नांदाय लागलंय."

मला वाटलं टोमणाच आहे. तरी गेले. उकिरड्याच्या उतारावर, शेण-राखेच्या भुसभुशीत ढिगातून, कर्दळीचे तीन कोंब वर आले होते. एकाला तर दोन पानंही सुटली होती, विड्यासारखी गुंडाळलेली, कडेला तांबूस. ज्यांना मी सोन्यासारखं जपलं ते सडले, आणि ज्यांना फेकून दिलं ते उभे. मी त्या उकिरड्यावर मटकन बसले. पावसाचं पाणी माझ्या पायाखालून वाहून चाललं होतं आणि कोंबांच्या बुडाशी थेंबही साचत नव्हता. मग कुठे डोक्यात उजेड पडला. खड्डे कशाला, असं आत्याबाई म्हणाल्या होत्या. एवढंच तर म्हणाल्या होत्या.

आता माझी जिद्द खरी पेटली. आधीची होती ती नुसती ऐट.

अळूची जागा तर गेली. मी पुन्हा आत्याबाईंपुढे उभी राहिले. या वेळी पदर डोक्यावर नीट घेऊन. "आत्याबाई, न्हाणीच्या पलीकडे वाटेच्या कडेला तो बांध आहे ना, धोंड्यांचा, तिथे लावू का?"

"तितं कुसळं बी येत न्हाईत."

"पण उंच आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तोंडावर हसू नव्हतं, पण कुठेतरी त्याची चाहूल होती. "लाव. काय न्हाई उगवलं तर तूच हुबी ऱ्हा आडोशाला."

बांधावरचे धोंडे मी एक एक करून काढले, उकिरड्यावरचं कुजलेलं खत पाट्यांनी वाहिलं, ओढ्याची रेती मिसळली, आणि हातभर उंचीचा वरंबा केला. पाण्याला मुद्दाम उतार दिला. पाऊस पुरता उघडल्यावर ते तीन गड्डे उपटले, प्रत्येकी दोन-दोन डोळे ठेवून विळ्याने तुकडे केले, कापाला राख लावली, आणि वरंब्याच्या माथ्यावर ओळीने लावले. सात तुकडे झाले. या खेपेला प्रत्येक गोष्ट आत्याबाईंना विचारून केली. इतकी विचारली की त्या वैतागल्या. "आता श्वास बी इचारून घेतीस का?"

थंडीत कर्दळ रुसते. पानं कडेने जळल्यासारखी झाली, वाढ थांबली. माघात जरा जीव धरला, तोच म्हशीने दावं तोडलं. मी ओढ्यावरून धुणं घेऊन आले तर ती बांधावर उभी राहून, डोळे मिटून, शेवटचं पान चघळत होती. सातच्या सात बुडापर्यंत साफ. हे गोठ्यातून बाहेर आले आणि म्हणाले, "आज दूध तांबडं निघतंय का बघू." मी तीन दिवस यांच्याशी बोलले नाही आणि म्हशीशी सात दिवस. पण कर्दळीचा जीव जमिनीखाली असतो. पंधरा दिवसांत पुन्हा कोंब. मी करवंदीच्या काट्या तोडून आणल्या आणि बांधाला कुंपण घातलं. हाताला एवढे ओरखडे की जाऊबाई म्हणाल्या, "मांजर पाळलंस का?"

होळीनंतर खरी परीक्षा आली. चार महिने नको म्हणण्याइतकं पाणी देणारी मुळशी उन्हाळ्यात हात वर करते. ओढ्याची धार करंगळीएवढी, विहिरीला तळ दिसायला लागलेला. न्हाणीचं पाणी उताराने खाली अळूकडे जायचं, बांध वर. पाणी काही आपणहून चढत नाही. मग मी रोज अंधारात आंघोळ झाली की त्या चरात बसून, वाहून चाललेलं पाणी करवंटीने घागरीत भरायची आणि बांधावर चढवायची. आत्याबाईंच्या आंघोळीचं, जाऊबाईंच्या आंघोळीचं, माझ्या आंघोळीचं. अळूला अर्धं, कर्दळीला अर्धं, असा आत्याबाईंशी करार. तांदळाचं धुवण, भाजीचं धुवण, हात धुतलेलं पाणी. मामंजी जेवून उठले की मी तस्त घेऊन पुढे. ते बिचारे दचकायचे. एकदा म्हणाले, "पोरी, चूळ तरी भरू दे सुखानं." झाडांच्या बुडाशी पालापाचोळा अंथरला, म्हणजे ओल टिकते. हे मात्र मला कोणी शिकवलं नाही. हे मी सुप्याहून आणलं होतं, आणि या एका गोष्टीत माझा ताठा अजूनही कायम आहे.

त्या उन्हाळ्यात गावातल्या बायका न्हाणीवरून जाताना थांबायच्या. "काय गं, पानी डोंगरावर चडवतीस व्हय?"

"चढवते की."

"कशापायी?"

"दुपारची आंघोळ करायचीय."

हसायच्या. कोणी म्हणायची, राणी हाय. कोणी म्हणायची, येडी हाय. एकीने मात्र हळूच विचारलं, "उरलं तर एक गड्डा देशील?"

मृग आला आणि यंदा मी पावसाची वाट बघत होते. वरंब्यावरून पाणी खाली पळत होतं आणि कर्दळ रोज बोटभर वाढत होती. एकाच्या बाजूला चार, चाराच्या बाजूला दहा. आषाढात कमरेला आली, श्रावणात खांद्याला. श्रावणात एक नवंच संकट: पानं सुरळीसारखी गुंडाळलेली, आत हिरवी अळी, पान खाऊन जाळी करणारी. रोज सकाळी इरलं डोक्यावर घेऊन मी एकेक सुरळी उलगडायची, अळी काढून राखेत टाकायची. हजार पानं असतील. बोटांना हिरवा रंग बसला तो महिनाभर गेला नाही. जाऊबाई सुरुवातीला दारातून बघायच्या. मग एक दिवस दुसरं इरलं घेऊन आल्या आणि पलीकडच्या टोकापासून सुरुवात केली. मधोमध आम्ही भेटलो तेव्हा म्हणाल्या, "मला बी उजेडात न्हायचंय. तुला काय वाटलं, तुलाच हौस हाय?"

गौरी आल्या तेव्हा बांधावर भिंत उभी होती. डोक्याच्या वर हातभर, इतकी दाट की पलीकडून चाललेल्या बैलाचं फक्त घुंगरू ऐकू यायचं. वर लालभडक तुरे. आत्याबाईंनी गौरीपुढे ठेवायला फुलं स्वतःच्या हाताने तोडली. खाली अळूही झकास आलं होतं. त्या वर्षीची ऋषीची भाजी मी दोनदा मागून खाल्ली.

गौरीविसर्जनानंतर एका दिवशी उघडीप पडली. लख्ख ऊन. मी सगळं आवरलं, पाणी तापवलं, घंगाळ भरलं, शिकेकाई घेतली, आणि दीड वर्षांनी, भर दुपारी, न्हाणीत शिरले. चहूकडे हिरवा उजेड. पानांतून ऊन गाळून येत होतं. दगड कोरडा, गरम. पाण्याची वाफ दिसत होती. मी मनात म्हटलं, आता तासभर उठायचं नाही.

आणि काय सांगू! पहिला तांब्या डोक्यावर घेतला, आणि हात आपसूक भराभर चालायला लागले. डोळे वाटेकडे. कान उभे. एवढं वर्षभर अंधारात घाई करायची सवय अंगाला लागलेली. चार तांबे, खसाखसा, झालं. लुगडं गुंडाळून बाहेर आले तेव्हा शिकेकाई वाटीत तशीच होती.

ओसरीवर आत्याबाई आणि जाऊबाई बसल्या होत्या. जाऊबाईंनी तोंडावर हात ठेवला.

"झाली?" आत्याबाई म्हणाल्या.

"झाली."

"येवढ्यासाठी वरीसभर जीव टांगलास व्हय गं? म्हशीचं बी जास्ती येळ चालतं."

मला भारी लाज वाटली. मी ओले केस पिळत उभी. आत्याबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. आतून त्यांनी आपलं धुतलेलं लुगडं आणलं, माझ्या हातातली शिकेकाईची वाटी काढून घेतली आणि म्हणाल्या, "पानी हाय का ऊन?"

"आहे."

त्या न्हाणीत गेल्या. आम्ही दोघी जावा ओसरीवर बसलो. तांब्याचा आवाज यायला लागला. एक तांब्या. मग बराच वेळ काही नाही. मग दुसरा. आत काय चाललंय ते कळेना. जाऊबाई माझ्याकडे बघायच्या, मी त्यांच्याकडे. अर्ध्या तासाने आतून हाक आली, "सूनबाई, आनखी येक हंडा आन." मी पळत नेला, कर्दळीच्या कडेने हात घालून आत ठेवला. थोड्या वेळाने पुन्हा हाक. "पाठ चोळाय ये."

तेवढ्यात वाटेवरून भावकीतला एक बाप्या चालला होता. वाट तीच, रामराम तोच. "काकी हायेत का घरात?" त्याने जाऊबाईंना विचारलं.

"न्हात्यात."

"आत्ता? उनाचं?"

कर्दळीच्या आडून आत्याबाईंचा आवाज आला, असा खणखणीत की कोंबड्या उडाल्या. "का रं? तुजी काय आडचन हाय?"

तो बाप्या खाली मान घालून निघून गेला. मी आत त्यांची पाठ चोळत होते आणि हसू दाबताना माझ्या हातातला वज्रीचा दगड दोनदा निसटला.

त्या बाहेर आल्या आणि अंगणात उन्हात घोंगडीवर बसल्या, केस मोकळे सोडून. मला त्या घरात येऊन दीड वर्ष झालं होतं. त्यांचे केस मी कधी मोकळे पाहिलेच नव्हते. अंधारात धुतले जायचे, अंधारातच बांधले जायचे. कमरेच्या खाली येत होते. अर्धे पांढरे, अर्धे काळे, दाट. जाऊबाई फणी घेऊन मागे बसल्या. ऊन त्या ओल्या केसांवर पडलं होतं आणि आत्याबाई डोळे मिटून तशाच बसून राहिल्या, ऊन सरकलं तसं घोंगडी सरकवत, तिन्हीसांजेपर्यंत. भाकऱ्या मीच केल्या.

जेवताना त्या म्हणाल्या, "उद्यापास्नं पानी दुपारचं तापवत जा. तिघींचं."

मी मान डोलावली.

"आन तो वाटंकडचा कोपरा इरळ हाय," त्या म्हणाल्या. "बसलं की तितनं मारुतीचं देऊळ दिसतं. देऊळ दिसतंय म्हंजी देवळातल्याला बी दिसतंय. उद्या दोन गड्डं लाव तितं. उंचावर लाव."

"उंचावरच लावते, आत्याबाई," मी म्हटलं.